टेबलावरचा बॉल

वाघमारे सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी टेबलावर फुटबॉल ठेवायचे आणि मग बसायचे. बसायचे म्हणजे काय, तर दारातली खुर्ची पकडायची. तिचे पुढचे पाय खोलीत, मागचे व्हरांड्यात. बॉलखाली रिंग नाही, रुमाल नाही. नुसता गुळगुळीत टेबलावर तो ठेवलेला, आणि सरांचा एक डोळा कायम त्याच्यावर.

मी नांदेडहून लातूरच्या त्या कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी तो बॉल माझ्या कपाच्या शेजारी येऊन बसला. मी तेव्हा तोंडाने फटकळ होते. आताही आहे म्हणा. मी म्हटलं, "अहो सर, हा घरंगळून माझ्या चहात पडेल."

"न्हाई पडत मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "आन् पडलाच तर चहा तसाच सोडायचा, पर्स बी सोडायची, आन् बाहेर पळायचं."

हा माणूस वेडा आहे असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. संध्याकाळी माझ्या घरमालकिणीला सांगितलं तर ती हसलीच नाही. उलट मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. उपड्या तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर आणखी एक पेला असा मनोरा तिने भिंतीशी रचून ठेवला होता. "भूकंप झाल्यापासून रोज रचते," ती म्हणाली. "जमीन हलली की हे आधी पडतं. आवाज झाला की लेकरं उचलायची." तेव्हा लातुरात असे मनोरे घरोघरी होते. वर्षं गेली तसे ते हळूहळू पुन्हा मांडणीवर गेले. सरांचा बॉल मात्र टेबलावरच राहिला.

सर मूळचे कंधारकडचे. वडील रेल्वेत गँगमन, त्यामुळे बालपण नांदेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. तिथल्या मैदानावर रेल्वेची टीम खेळायची आणि हा पोरगा अनवाणी, बाहेर गेलेले बॉल आणून देता देता खेळायला शिकला. त्यांच्या घरातला हा पहिला पदवीधर. वस्तीतली बाकीची शिकलेली पोरं बँकेत, पोस्टात चिकटली. यांनी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. "आमचे वडील म्हणाले, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आन् तू उड्या मारायला शिकलास व्हय रे?" हे सांगताना सर स्वतःच इतके हसायचे की पुढचं वाक्य ऐकूच यायचं नाही.

माझ्या वर्गाच्या खिडकीतून त्यांची प्रॅक्टिस दिसायची. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मला वाटायचं, एवढं मोठं मैदान आहे तर पोरांनी सैरावैरा पळावं. सर मात्र पांढऱ्या फक्कीने एक चौकोन आखायचे, माझ्या स्वयंपाकघराएवढा, आणि त्यात पोरं कोंबायचे. एकाच्या पायात बॉल आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडलेले. धूळ, शिव्या, ढोपरं फुटलेली. बाहेर कमरेवर हात ठेवून सर उभे.

"मोकळ्या रानात कुणी बी पळतंय लेका! खाटेएवढ्या जागेत खेळून दाखव."

"घाबरून मारू नको. बॉलवर पाय ठेव. श्वास घे. आधी श्वास घे म्हणलं ना!"

आणि त्यांचं सगळ्यात आवडतं: "तुझ्याभोवती तिघं गोळा झाले ना? म्हणजे आपले दोघं कुठं तरी मोकळे हायत. मान वर कर आन् त्यांला हुडक."

एकदा त्यांनी एका चांगल्या खेळणाऱ्या पोराला सांगितलं, "उद्याच्या मॅचमध्ये तू गोल मारायचा न्हाई. तू निस्ता घेरला जा. त्यांची सगळी माणसं तुझ्याकडं वढून घे. गोल दुसरा करील, पेपरात नाव बी त्याचंच येईल. चालतंय का?" पोरगं रडकुंडीला आलं. मी मध्ये पडले, "सर, हा काय न्याय झाला?" तर म्हणाले, "मॅडम, घेरलं जायला लई दम लागतो. पळायला काय लागतंय?"

सरांच्या टीममधल्या बालाजीची गोष्ट मला शिपायांकडून तुकड्यातुकड्यांत कळली होती. पूर्ण ती सरांनी एकदाच सांगितली, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो तेव्हा. बालाजी औसा तालुक्यातला, डाव्या पायाचा. सर म्हणायचे, तसा डावा पाय त्यांनी पुन्हा पाहिला नाही. मॅच जवळ आलेली, सुट्ट्या बंद. पण गावातल्या गणपतीचं विसर्जन म्हणून तो सरांच्या मागे लागला. सरांनी हो म्हटलं. विसर्जन झालं, पोरगं दमून घरात झोपलं, आणि पहाटे जमीन हलली. दगडमातीचं घर, वर हातभर मातीचं माळवद.

"उजाडल्यावर टीम घेऊन गेलो मॅडम. हातानं उकरलं. टिकाव मारावा तर खाली माणूस." सर बॉलकडे बघत बोलत होते. "आवाज येत होता त्याचा. सर, सर करून. म्या वरून वरडत राहिलो, श्वास घे रे, हळू श्वास घे. दुपारपर्यंत येत होता आवाज."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. तेव्हापासून त्यांच्या दारातल्या खुर्चीवर आणि बॉलवर मी कधी विनोद केला नाही, आणि दुसरा कुणी केला तर त्याची मी सालटी काढली.

भूकंपानंतर मैदानावर मदतीच्या सामानासाठी पत्र्याची शेड उभी राहिली. सरांनी स्वतः उभं राहून खांब रोवून घेतले. ब्लँकेटं, धान्य, औषधं, सगळं तिथे आलं. टीमने वर्षभर ट्रक रिकामे केले. सामान संपलं, शेड मात्र उभीच होती. पत्र्याची जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून तिथे बारावीच्या पोरांसाठी जादा तास सुरू झाले. ते तास एवढे चालले की बघता बघता लातूरची कीर्ती सगळीकडे झाली. एसटी भरभरून पोरं यायला लागली. मुरुडहून, अहमदपूरहून, पार विदर्भातूनसुद्धा. आईबाप एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात लेकरू धरून उभे असायचे. "मॅडम, डॉक्टर होईल ना हा?" मराठीच्या बाईला विचारायचे बिचारे!

शेडची इमारत झाली. इमारतीला वसतिगृह झालं. वसतिगृहाला मेस झाली. प्रत्येक वेळी मैदानाचा एक घास जायचा. सर फक्कीने नव्याने आखायचे, गोलपोस्ट उपटून अलीकडे रोवायचे. "बरंय की," म्हणायचे, "आता आख्खं मैदानच माझा चौकोन झालं." हसायचे ते. मला मात्र हसू यायचं नाही. टीम आता होतीच कुठे म्हणा! पोरं पहाटेपासून क्लासला, रात्री अभ्यासिकेत. बॉलला पाय लावणारं पोरगं आईबापांना वाया गेलेलं वाटायचं. शेवटी कॉलेजच्या विहिरीपलीकडची एक पट्टी तेवढी उरली. तिथे संध्याकाळी सर एकटेच उभे असायचे, कुणी येतंय का बघत.

आमच्या संस्थेचे सचिव गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी एक दिवस सरांना बोलावून सांगितलं, मैदानाचं काम काही उरलं नाही, पगार तर चालू आहे, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेवर देखरेख करा. तिसरा मजला. खिडक्यांना आवाज नको म्हणून जाड काचा, त्या कायमच्या बंद. आत ओळीने खुराडी, प्रत्येक खुराड्यात एक मान खाली घातलेली. सर्वांवर स्लॅब.

मी भडकले. "नाही म्हणून सांगा! डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. बदली मागा, सोडा नोकरी."

"सोडली तर पट्टी उद्याच जाईल मॅडम. मी हाय तवर तिला मैदान म्हणत्यात."

दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. दारातली खुर्ची. टेबलावर बॉल. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पण बसले. पोरांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. मुरुडची एक शीतल नावाची मुलगी होती, दुसऱ्यांदा परीक्षा देणारी, कधी कुणाशी न बोलणारी. ती पाणी प्यायला जाता येता बॉलवर हलकेच बोट ठेवून जायची. सर तिला काही म्हणत नसत. फक्त बोट उचललं की बॉल पुन्हा होता तिथे सरकवायचे.

आणि मग बोअरचा दिवस आला. लातूरचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि संस्थेने इमारतीला खेटून बोअर घ्यायचं ठरवलं. गाडी कधी येणार हे कुणी वर सांगितलं नव्हतं. अभ्यासिकेत मोठी सराव परीक्षा चाललेली, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. खाली मशीन सुरू झालं, जाड काचांमुळे वर फक्त खोल घरघर पोचली, आणि इमारत थरथरली. आणि टेबलावरचा बॉल हलला. टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि खाली पडला.

"बाहेर! पोरांनो, बाहेर! सगळं सोडा!"

मी पहिल्या मजल्यावर वर्गात होते. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. माणूस एवढ्या मोठ्याने ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. जिन्यावरून पोरांचा लोंढा उतरला. सर सगळ्यात शेवटी, प्रत्येक खुराडं बघून, एका बेशुद्ध पडायला आलेल्या पोराला खांद्यावर घेऊन. खाली येऊन त्यांनी बोअरची गाडी पाहिली. मशीनवाला तंबाखू मळत यांच्याकडे बघत होता. सर मटकन खाली बसले.

सगळ्यांच्या लक्षात आलं काय झालं ते. आता परत वर जायचं, एवढंच उरलं होतं. पण कुणी हलेना. बॉल पोरांच्या पायांतून जिना उतरत खाली आला होता. शीतलने त्याच्याकडे पाहिलं आणि चप्पल काढून एक सणसणीत लाथ घातली! दुसऱ्याने तो अडवला. मग काय विचारता! विहिरीपलीकडच्या त्या पट्टीवर, स्कूटरींच्या मधून, दोनअडीचशे पोरं एका बॉलमागे. ना टीम, ना गोल, ना नियम. महिनोन्महिने मान खाली घातलेली लेकरं अशी किंचाळत होती की रस्त्यावरची माणसं कुंपणाला येऊन उभी राहिली. मी पदर खोचून मध्ये उभी होते आणि रडत होते. कशासाठी रडत होते, विचारू नका.

सर बसल्या जागेवरून ओरडले, "अरे गर्दी नका करू! मोकळं व्हा, मोकळं व्हा!"

त्याची किंमत आठवड्याभरात समोर आली. पालकांचे फोनवर फोन. सराव परीक्षा बुडाली, क्रमांक लागले नाहीत, कुणाची पोरगी पायाला लागून घेऊन बसली. सचिवांच्या केबिनमध्ये सरांना बोलावलं, प्राध्यापकांची प्रतिनिधी म्हणून मी सोबत गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच सर दारात बसले नाहीत. दार बंद करून घेतलं होतं.

सचिव गोड आवाजात म्हणाले, "वाघमारे, तुमच्या मनात भूकंप आहे, त्याला आम्ही काय करणार? माफी लिहून द्या. आणि तो बॉल पुन्हा अभ्यासिकेत दिसता कामा नये. नाही तर सरळ घरी बसा."

मी तोंड उघडलंच. "साहेब, उद्या खरंच जमीन हलली तर तुमच्या त्या बंद काचांतून एक तरी पोरगं बाहेर येईल का? या माणसाने पाच मिनिटांत सगळा मजला खाली आणला, त्याला हार घाला!"

"मॅडम, तुम्ही मराठी शिकवा," सचिव म्हणाले.

सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग ते सचिवांना म्हणाले, "माफी लिहितो. बॉल बी न्हाई आणत. रिटायर होईपर्यंत वर बसतो, तुम्ही म्हणाल तितका वेळ, दार लावून. पर विहिरीपलीकडची पट्टी संध्याकाळी तासभर पोरांसाठी खुल्ली ठेवायची. ज्याला यायचं तो येईल. अडवायचं न्हाई."

सचिवांना सौदा स्वस्त वाटला. ते लगेच हो म्हणाले.

बाहेर आल्यावर मी सरांवर तोंडसुख घेतलं. "काय केलंत हे? बॉलशिवाय बसणार आहात तुम्ही? दार लावून? जमणार आहे का?"

"न्हाई जमणार," ते म्हणाले. "पर बसतो."

आणि बसले. नोकरीची शेवटची सगळी वर्षं. मी मुद्दाम काही तरी निमित्त काढून तिसऱ्या मजल्यावर जायची. रिकाम्या टेबलासमोर सर ताठ बसलेले. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरलेले, बोटं पांढरी. नजर टेबलावर, जिथे बॉल असायचा तिथे. संध्याकाळी पट्टीवर खेळ सुरू व्हायचा. सरांच्या जागेवरून ते दिसायचं नाही, काचांतून ऐकूही यायचं नाही. मीच जाऊन सांगायची, "आज पंधरावीस जण आहेत. ती तुमची शीतल गोलमध्ये उभी आहे, भिंतीसारखी!" सर मान हलवायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, निदान संध्याकाळी तरी खाली या हो. बघा तरी."

"मी खाली आलो की सचिवांची माणसं वर येऊन विचारत्यात मॅडम, हॉलवर कोण हाय म्हणून. मंग पट्टीवर बी जातील." मग म्हणाले, "तिघं माझ्याभोवती राहू द्या. बरंय तेच."

तेव्हा मला त्या रडकुंडीला आलेल्या पोराची आठवण झाली, ज्याला सरांनी नुसतं घेरलं जायला सांगितलं होतं. मी जिना उतरून आले.

सर निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात पट्टीवर फरश्या बसल्या. पार्किंग झालं. सचिवांनी शब्द पाळला होता, निवृत्तीपर्यंतचा. सर कंधारला गेले. मीही पुढे निवृत्त होऊन नांदेडला माहेरच्या गल्लीत राहायला आले. शीतल डॉक्टर वगैरे झाली नाही. मुरुडजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे, आणि शाळा सुटल्यावर मुलींना फक्कीच्या चौकोनात कोंबून खेळवते असं तिने मला फोनवर सांगितलं. मी ते सरांना कळवलं. ते म्हणाले, "किती मोठा आखती चौकोन? इचारा तिला. लई मोठा नको."

गेल्या वर्षी सरांच्या मुलाचा फोन आला. हृदयाचा झटका, नांदेडलाच एका मोठ्या दवाखान्यात आणलंय, चौथ्या मजल्यावर. मी रिक्षा करून धावत गेले. आत एकेकालाच सोडत होते. काचेचं दार आपोआप मागे बंद झालं. वर छत, आजूबाजूला पडदे, हाताला नळ्या, छातीला तारा. सरांच्या दोन्ही हातांनी पलंगाचे दांडे घट्ट धरले होते. बोटं पांढरी. नर्स वैतागून मला म्हणाली, "आजी, सांगा ना यांना हात सैल सोडायला. सुई निघतेय सारखी. कशाला एवढं घाबरतात?"

सरांची नजर बाजूच्या स्टीलच्या टेबलावर होती. टेबल रिकामं होतं.

मला बाई, तेव्हा अक्कल आली. माझ्या पिशवीत त्यांच्यासाठी आणलेल्या मोसंब्या होत्या. त्यांतली एक चांगली गोल बघून काढली आणि त्या गुळगुळीत टेबलावर ठेवली. ती जरा डुलली आणि थांबली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग एकेक बोट सुटलं. नर्स बघतच राहिली.

"मॅडम," ते म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. "तुम्ही दाराजवळ बसा."

मी स्टूल ओढून दाराजवळ बसले.

"हलली तर तुम्ही निघायचं. मागं बघायचं न्हाई."

"आणि तुम्ही हो?"

ते हसले. रेल्वे क्वार्टरच्या गोष्टी सांगताना हसायचे तसे, पण आवाज न करता. "मी हाय की हितं," म्हणाले. "तुम्ही श्वास घ्या."

रात्री दवाखान्यात थांबू देत नव्हते, म्हणून मी घरी आले. पहाटे सर गेले. मी सकाळी पोचले तेव्हा पलंग रिकामा होता, चादर बदलून झाली होती. मोसंबी ठेवली होती तिथेच होती.